सकाळची बोटं

ता. ९ फेब्रुवारी, सकाळ

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, रागावलेल्या भावाचेही लागतात म्हणे.

आज जाग आली ती बाबांच्या कात्रीच्या आवाजाने. खर्रक्, खर्रक्, खट्. साठ वर्षं झाली, तरी कानातून जात नाही. मेजाखाली बसून आपण त्या तालावर शाळेतल्या कविता म्हणायचो. भुजंगप्रयात तर असा बसायचा, की जणू बाबाच गण पाडून कापड कापताहेत! तू तिसऱ्या चरणात हमखास अडखळायचास. पुढची ओळ मी सांगायचो.

आता माझ्या वतीने तू बोलतोस. गिऱ्हाइकांना सांगतोस, "दादांचं वय झालं, ते आराम करतात." आराम? मूठ मिटत नाही, घास हातातून सुटतो, सदऱ्याची बटणं सूनबाई लावते, याला आराम म्हणतात? वय तुझंही झालंय. मला आमवात झालाय, आणि त्याला औषध असतं! गल्लीतल्या प्रत्येकाचं तेल चोळून झालं. शेवटी सूज उतरली ती डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी. वर्ष गेलं त्यात. त्या म्हणाल्या, "आजोबा, आता हात वापरा."

म्हणून परवा दुकानात आलो, तर माझ्या मेजावर शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे! आणि तू म्हणतोस, "बसा दादा, चहा मागवतो." मी काय पाहुणा आहे? बापाच्या दुकानात?

वकिलांच्या त्या कोटाचं नाव तू काढलं नाहीस. तेच जास्त झोंबलं.

दुखणं नवं होतं तेव्हा ते कापड मी बिघडवलं होतं. सकाळची वेळ, बोटं लाकडासारखी. बाहीच्या मुंढ्यात कात्री बोटभर आत गेली. आणि तू समोर उभा असताना मी वकिलांना म्हणालो, "धाकट्याने माप चुकवलं." तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. हात दुखतो म्हणण्यापेक्षा भाऊ चुकला म्हणणं सोपं गेलं मला.

पुरता बरा मी अजूनही नाही, हेही लिहून टाकतो. सकाळी बोटं ऐकत नाहीत. अकरानंतर मात्र कुणाच्या बापाला हार जायची नाहीत! तेवढ्यासाठी मला मेजावरून उठवायचं असेल, तर तोंडावर सांग. चहा पाजून नको.

थांब, दार वाजतंय.

अनोळखी बाई आहे. हातात कोटाचं कापड. म्हणते, "दुकानातून पाठवलंय. कोट आमचे मोठे भाऊच कापतात, म्हणाले. आत्ता कापता का? मी थांबते."

अरे, हे तुला परवा सांगता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं?

तिला म्हटलं, "आत्ता नको, ताई. सकाळी माझी बोटं आखडतात. अकराला दुकानात या." ती सहज म्हणाली, "बरं."

एवढंच होतं, धाकट्या. आणि त्यासाठी मी तुला खाली मान घालायला लावली.

तुझा, आणि अकरानंतर कामाचा,
दादा