बसलेल्या माणसाचं माप

ताई,

उजवीकडे गेलेलं शटल मी डावीकडे शोधत होतो, तेवढ्यात पाय सुटले आणि मी हॉलच्या फरशीवर पालथा पडलो. हात पुढे, कपाळ जमिनीला. तोच तुला साष्टांग नमस्कार समज. दुसरा घालण्याजोगी कंबर सध्या माझ्याकडे नाही. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही. सूनबाईंनी फोनवर सांगितली. ऑपरेशनला तीन महिने झाले, गुडघा ठणठणीत आहे, आणि तू खिडकीतल्या खुर्चीतून हलत नाहीस.

तर मी बॅडमिंटन खेळतो. हसून घे. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून मला पोक आलं, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, या वयात मजेसाठी का होईना, खेळणारी, पोहणारी, चालणारी माणसं सहसा जास्त जगतात. मी विचारलं, की जास्त जगणारीच खेळायला उरतात? त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन्ही असेल. तुम्ही हॉलवर जा."

हॉलवर पहिल्याच दिवशी समोर एक बाई उभ्या राहिल्या. माझी नजर तुला माहीत आहे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मी छाती, कंबर आणि वय मनात लिहिलेलं असतं (वय खांद्यांवरून कळतं, साठीनंतर एक खांदा उतरतोच, आणि तिथे आम्ही गुपचूप जाड पॅड घालतो). बाईंचे खांदे पट्टीने आखल्यासारखे. मी वय धरलं अठ्ठावन्न, आणि बाईमाणूस म्हणून हलकेच खेळायचं ठरवलं. एकवीस-तीन. ते तीनही त्यांनीच दिले असावेत.

त्या निवृत्त नर्स आहेत. वय ब्याऐंशी. माझी टेप खोटी निघाली असती तरी मी इतका हादरलो नसतो. बाई धावत नाहीत. मध्ये उभ्या राहतात, मनगट हलवतात, आणि धावतो मी. मी पडलो तेव्हा वाकून म्हणाल्या, "मास्तर, माप चुकलं वाटतं?" मग बाकावर बसून त्यांनी पँटचा पाय वर सरकवला. गुडघ्यावर उभा व्रण. गुडघा अकरा वर्षांपूर्वी बदललेला. मी बराच वेळ पाहत राहिलो. ताई, इतकी सरळ शिवण मला जन्मात जमली नाही.

"सहा महिने खिडकीत बसून होते," त्या म्हणाल्या. "आता कुठे जायचंय मला, असं म्हणत."

तुझंच वाक्य, शब्दाला शब्द. तुझ्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मग मात्र सगळं सांगितलं.

आई बसली ती उठलीच नाही, हे आपण दोघांनी पाहिलं आहे. मला रागावायला आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

तुझा धाकटा
(कपाळावर टेंगूळ)

ता. क. सोबत तुझ्यासाठी पँट पाठवतो. ढगळ आहे, खिसे आहेत. कंबर अंदाजाने धरली. पँटचे पाय मात्र खाली दुमडून शिवलेले नाहीत, उंची अंदाजाने धरवत नाही. बाबा सांगायचे, बसलेल्या माणसाचं माप घ्यायचं नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहा, सूनबाईंना टेप धरू दे, आणि आकडा कळव.

आणखी एक. काल पाकीट बंद करायचं राहिलं. आज सकाळी सहाला नर्सबाईंनी दुकानाची कडी वाजवली. "बहीण उभी राहिली का?" मी म्हटलं, पत्र आज टाकतोय. मग खेळलो. एकवीस-पाच.