तुम्ही सारखे केलेले पाच दात

दादा, आज मी तुम्हाला हरवलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा तुम्ही वाद घालायला येणार नाही हे ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण बापाला हरवल्याची बातमी बापाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगण्यात मजा नाही. आईला फोन करून सांगितली, तर ती म्हणाली, "गेलेल्या माणसाशी कसली गं मॅच लावतेस?" आणि फोन ठेवला. नंतर एकटीच हसत बसली असणार.

मी अजून त्याच बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आहे. बर्मिंगहॅमच्या त्याच गल्लीत, ज्या दुकानात तुम्ही एकदाही पाऊल टाकलं नाहीत. कॉव्हेंट्रीहून सकाळची ट्रेन, मग दहा मिनिटं चालत. माझा म्हातारा मालक आता आठवड्यातून दोन दिवस येतो, खिडकीपाशी चहा घेऊन बसतो आणि सगळ्या जगाला नावं ठेवतो. बाकी दुकान मीच बघते. पिस्तुलांवर बंदी आली तेव्हा वाटलं होतं, संपलं आपलं. पण दीडशे वर्षांपूर्वीची, काळी दारू ठासून उडवायची जुनी रिव्हॉल्व्हरं उरली. लायसन्स काढून क्लबात जाऊन ती उडवणारे लोकही उरले. ही रिव्हॉल्व्हरं सेकंडहँड म्हणायची, पण खरं तर ती दहाव्या नाहीतर बाराव्या हाताची असतात, आणि त्यांतला एखादा हात हमखास बागेतल्या शेडमध्ये बसलेल्या हौशी माणसाचा असतो. सायकलच्या स्पोकची केलेली स्प्रिंग मी काढली आहे. अॅराल्डाइटने चिकटवलेली मूठ, नळाला लावतात तसला डाग दिलेली नळी, उंदरांनी कुरतडल्यासारखे स्क्रू, सगळं पाहून झालं आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण हौशी माणसाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की माझी रोजीरोटी चालते. मालक असल्या कामाला 'बॉज' म्हणतो, आणि तो शब्द तो थुंकल्यासारखा उच्चारतो.

गेल्या फेब्रुवारीत एक निवृत्त भूगोल-मास्तर असलंच एक घेऊन आले. पाच बारांचं, फार देखणं. ते म्हणाले, "दोन गनस्मिथनी हात टेकलेत, लव्ह. भिंतीवर टांग म्हणतात. मला भिंतीवर नकोय, मला ते क्लबात उडवायचंय." दुखणं असं होतं की घोडा मागे ओढला की गोळ्यांची चक्री फिरते, पण पाचांपैकी दोन घरं नळीसमोर नीट येऊन थांबत नाहीत. केसभर बाजूला थांबतात. केसभर म्हणजे तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यात गोळीचं शिसं सोलून निघतं आणि फटीतून बाहेर उडतं.

मी ते बाकावर उघडते. आणि दादा, आतलं काम बघून मी थांबतेच. बॉज असा नसतो. चक्रीच्या मागचे पाच दात आरशासारखे घासलेले, पाचही अगदी सारखे. त्यांना ढकलणारी बोटाच्या पेराएवढी पट्टी, आम्ही तिला पॉल म्हणतो, ती नवी केलेली, कडा अशा की नखाला लागाव्यात. ज्याने कुणी हे केलं त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, आणि त्याने ते साफ चुकवलं होतं. मी पॉल उलटी करते. मागच्या बाजूला टोच्याने मारलेले तीन ठिपके. दोन खाली, एक वर.

मी खुर्चीवर बसले. मालकाने विचारलं, "भूत बघितलंस का?" मी म्हटलं, "आमच्या घरातलंच आहे."

ते तीन ठिपके या जगात दुसरं कोण मारणार होतं? आपल्या मागच्या दाराच्या कडीवर ते होते. आईच्या लाटण्याच्या मुठीवर होते, माझ्या कंपासपेटीवर होते. फॅक्टरीतल्या फोरमनने विचारलं की तुम्ही सांगायचात, धिस साइड अप. मला मात्र सांगितलं होतंत, एक बुद्ध, एक धम्म, एक संघ, आता वस्तू बिघडायची नाही. अकराव्या वर्षी तुम्ही मला कानस दिलीत, सहा इंची, बारीक दातांची, मूठ तुम्ही स्वतः लेथवर काढलेली. तिच्यावरही ठिपके होते. रविवारी विहारातून आलं की आई पोळ्या करायची आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही छोटा व्हाइस आवळायचात. मी पितळेचा चौकोनी तुकडा घासायची. तुम्ही मायक्रोमीटर लावायचात आणि म्हणायचात, "गावात आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं. इथे माझ्या हातचं माप चालतं. माप कुणाची जात विचारत नाही, पोरी." मग माझा तुकडा उजेडात धरायचात. शाबासकी कधीच नाही. फार झालं तर, "चालेल." आणि बहुतेक वेळा ते वाक्य, जे मी अजून रोज ऐकते: "तुझी कानस शेवटच्या दोन हातांना धावते. तुला सबूर नाही."

सतराव्या वर्षी मी या दुकानात शिकायला जाते म्हणाले तेव्हा तुम्ही काय केलंत, आठवतं? ताट सारलंत आणि म्हणालात, "ज्या हातांनी पंचशील घेतेस त्याच हातांनी बंदुका घासणार?" मी म्हटलं, "तुमच्या फॅक्टरीत रणगाड्यांचे भाग होतात, ते काय फुलदाण्या आहेत?" त्यावर तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नाहीत. मी गेलेच. आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात, माझं एकही काम न बघता. माझा सगळा राग त्यावरच होता, दादा. मी वाईट काम करते म्हणाला असतात तर सोसलं असतं. तुम्ही बघितलंच नाहीत.

आणि आता माझ्या बाकावर तुमच्या हातचं रिव्हॉल्व्हर! मी तिथूनच आईला फोन लावला. "आई, दादांनी कधी रिव्हॉल्व्हर रिपेअर केलं होतं?" पलीकडे तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? मला शपथ घातली होती त्यांनी." तुमच्या फॅक्टरीतला तो आयरिश मित्र, जो नाताळला केक आणायचा, त्याचं होतं ते. मी तेव्हा बारा वर्षांची. तुम्ही तीन रविवार शेडमध्ये बसून ते दुरुस्त केलंत. ते घेऊन तो क्लबात गेला आणि संध्याकाळी गालाला बँडेज लावून दारात उभा राहिला. शिसं उडून गाल फाटला होता, डोळा बोटभर अंतराने वाचला. आई म्हणाली, "तो बिचारा हसत होता गं, पण हे आठ दिवस नीट जेवले नाहीत. म्हणायचे, माझं माप चुकत नाही, मग हे झालं कसं? आणि तू त्या दुकानाचं नाव काढलंस तेव्हा रात्री मला म्हणाले, माझ्या हातून झालं, हिच्या हातून झालं तर?"

हे मला आधी सांगायला काय झालं होतं? पंचशीलाच्या आड कशाला लपलात? मी चिडले, फार चिडले. डबा तसाच राहिला. आणि मग, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तुम्ही घाबरला होतात. माझी लाज वाटत नव्हती तुम्हाला, माझी काळजी वाटत होती. आणि तुमचं माप कुठे चुकलं ते मला कळलं होतं.

ऐका, सांगते. तुमचं माप चुकलंच नव्हतं. ज्याने हे रिव्हॉल्व्हर मुळात केलं त्या कारागिराने चक्रीतली पाच घरं हाताने पाडली होती आणि त्यांतली अंतरं थोडी कमी-जास्त होती. त्याला ते माहीत होतं. म्हणून त्याने प्रत्येक दात आपापल्या घराला जुळेल असा घासला, कुठला जाड, कुठला बारीक. तुम्ही मायक्रोमीटर लावलात, दात असमान दिसले, आणि तुम्हाला लहान-मोठं कधी खपलंच नाही! तुम्ही पाचही एका मापाचे केलेत. असली चूक शेडमधला हौशी माणूस करूच शकत नाही, तेवढी त्याची अक्कल नसते. ती करायला कॉव्हेंट्रीचा टूलमेकर लागतो. आधीचे दोघे गनस्मिथही म्हणूनच फसले. इतकं सुंदर काम बघून दोष तिथे असेल असं त्यांना वाटलंच नाही. मला वाटलं, कारण मी तुम्हाला ओळखते.

पण दुरुस्त करायचं म्हणजे तुमचं काम पुसायचं. तुमच्या हातचं माझ्याकडे काय उरलंय? कडी जुन्या घराबरोबर गेली. लाटणं आईकडे आहे. मी दोन दिवस त्या चक्रीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "पाप्याचं असो की पोपचं, चुकीचं काम चुकीचंच. काढ ते." मग काढलं. दोन दातांवर धातू चढवून घेतला आणि एकेक दात त्याच्या त्याच्या घराला लावत घासत गेले. एक हात कानस, पुसायचं, लावायचं, फिरवायचं, बघायचं, पुन्हा एक हात. तुम्ही दिलेल्याच कानशीने. दात अजून शाबूत आहेत तिचे. पाच आठवडे लागले. शेवटी घोडा ओढला की पाचही घरं नळीसमोर अशी येऊन बसत होती की खटका ऐकूनच समजावं. नवी पॉल केली. प्रूफला, म्हणजे बंदुकांच्या चाचणीला, पाठवलं, दुप्पट दारूचा मार खाऊन शिक्का घेऊन परत आलं.

आज सकाळी क्लबात मास्तरांनी ते उडवलं. पाच बार, पांढऱ्या धुराचा लोट, आणि पुठ्ठ्यावर पाच भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ. मास्तर गाल चाचपून म्हणाले, "क्लीन अॅज अ व्हिसल!" मालक, जो माझ्या लग्नातही फक्त "नॉट बॅड" म्हणाला होता, त्याने टोपी काढली. सगळ्यांसमोर, दादा. मी लहान मुलीसारख्या उड्या मारल्या. मग मास्तरांनी विचारलं, "आधी हा घोळ घालणारा मूर्ख कोण होता?" मी म्हटलं, "तो मूर्ख नव्हता. माझ्यापेक्षा चांगला हात होता त्याचा. फक्त त्याने कुणाला विचारलं नाही." तुमची पॉल मी त्यांच्याकडून मागून घेतली. नव्या पॉलच्या मागे मी तीन ठिपके मारले आहेत. दोन खाली, एक वर.

तर जिंकले मी. जे तुम्हाला जमलं नाही ते तुमच्याच कानशीने करून दाखवलं. हे पत्र आता तुमच्या पॉलबरोबर टिनच्या डबीत ठेवणार आहे आणि डबी ड्रॉवरमध्ये. पण डबी उघडली की तुम्हाला दिसेलच, म्हणून आधीच सांगते. तिच्यात पॉल दोन आहेत. एक तुमची. दुसरी माझी, पहिली केलेली. पंधरा दिवस घासून मापाला आणली होती, फक्त शेवटचे दोन हात राहिले होते. कानस धावली, दादा.