खुर्चीचे मॅग्नेट

९ जून
आजही मॅग्नेट आले नाहीत. मागच्या महिन्यातच यायला हवे होते. चीनहून माल पाठवणारी लिन एरवी पाच मिनिटांत उत्तर देते. आज संध्याकाळी तिची एकच ओळ आली: सरकारी परवान्याशिवाय आता एकही तुकडा देशाबाहेर जाणार नाही. सोबत फॉर्म. मोटर कोण बनवतं, कोणाला विकतं, पुढे तिचं काय होतं, लष्कराशी संबंध आहे का. भांडणार मोठे देश, आणि कागद वागळे इस्टेटमध्ये माझ्या टेबलावर. नखाएवढा तुकडा, पण तो नाही तर मोटर नाही.
आमचे मालक देसाईसाहेब म्हणाले, पर्चेस तुमच्याकडे आहे, तुम्हीच भरा.

१२ जून
डोंबिवलीला पेंडसेंकडे गेलेले. ते व्हीलचेअर बनवतात, त्यांना आमच्या मोटरी लागतात. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे स्वतःही खुर्चीवरच असतात. तयार खुर्च्या मोटरीवाचून भिंतीला लावून ठेवल्यात. फोटो काढले. माल फक्त व्हीलचेअरसाठी, लष्करासाठी नाही, या हमीपत्रावर त्यांची सही, खाली माझी.
"माझ्या खुर्चीत बसून कोण लढाईला जाणार?" म्हणाले.
मग थांबलेल्या गिऱ्हाइकांची यादी दाखवली. शहाडची एक मुलगी आहे. कॉलेजला ॲडमिशन घेतलीय, जाणार कशी हा प्रश्न.

२४ जून
फॉर्म परत. चिनी भाषांतरावर शिक्का नाही म्हणून.

८ जुलै
पुन्हा परत. एका कागदावर मोटराइज्ड चेअर, दुसऱ्यावर व्हीलचेअर. डोकं फिरलं. लिनवर चिडून लिहिलं, नंतर सॉरी म्हटलं. ती तरी काय करणार. म्हणाली, माझीही सही लागते, मीही घाबरूनच भरते.

१७ जुलै
इथे बाजारात मिळणारे साधे मॅग्नेट लावून बघितले. मोटर जवळजवळ दुप्पट जड, आणि खुर्ची रॅम्पवर अर्ध्यात थांबली. साहेब कसल्याशा सेमिनारहून आले. आपल्याकडेच मॅग्नेट बनणार म्हणे, काही वर्षांत. तोपर्यंत?
मोटरीत तार गुंडाळणाऱ्या, वाइंडिंगच्या बायकांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवायचं ठरलं. सांगायचं काम माझ्यावर. सगळ्यांत जुन्या सुनंदाताईंनी विचारलं, आमचं काही चुकलं का? चीन, अमेरिका, परवाना, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, डबा उचलला आणि गेल्या. आपण काय बडबडलो असं वाटलं.

१९ सप्टें.
परवाना मिळाला. लिनने फुलांचं चित्र पाठवलं. मी पण.

६ ऑक्टो.
माल आला, मागितल्याच्या निम्मा. पेंडसेंना लगेच कळवलं. मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ड्रोन बनवणारी एक पार्टी आलीय, त्यांचा माल सैन्याला जातो. हा लॉट आधी त्यांच्या मोटरींना लावायचा, पेंडसेंना पुढच्या वेळी.
मी म्हटलं, सर, लिहून दिलंय आपण. माझी सही आहे.
"तिकडून कोण बघायला येणारे वागळे इस्टेटला? आणि देशाचंच काम आहे ना?"
देशाचं काम आहेच. आपण काय बनवायचं हे दुसऱ्यांनी का ठरवावं, हे मलाच इतके महिने वाटत होतं.

७ ऑक्टो.
बायकांना कळलंय. ड्रोनचं काम आलं तर सहाही दिवस हजेरी. सुनंदाताई म्हणाल्या, मॅडम, अडवू नका. रागाने नाही, साधंच बोलल्या. पण उघडकीला आलं तर पुढचा माल कायमचा बंद, मग तीन दिवसही नाहीत. लिनचं काय होईल माहीत नाही. विचारणार कसं?
साहेबांना तेच सांगितलं. म्हणाले, इतका विचार करून धंदा होत नाही.

९ ऑक्टो.
स्टोअरमधून माल काढायची स्लिप साहेबांनी टेबलावर ठेवली. माझ्या सहीशिवाय माल निघत नाही. ड्रोनवाल्यांचा माणूस उद्या दहाला येतोय.
दुपारी न राहवून पेंडसेंना फोन केला. सगळं सांगितलं. वाटलेलं चिडतील, साहेबांशी भांडतील, माझं काम सोपं होईल.
पण ते म्हणाले, "मला का सांगितलंत? न सांगता माल तिकडे पाठवला असतात, तर निदान माझी सही तरी खरी राहिली असती. आता गप्प बसलो तर मीही त्यात, आणि बोललो तर तुमच्या बायका घरी."
मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, विचार करतो.
सात वाजले. पेंडसेंचा फोन नाही. साहेब विचारून गेले, झाली का सही. सकाळी करते म्हटलं. करते म्हटलं खरं, पण हमीपत्रावरची सहीही माझीच आहे.