मार्जच्या लाँड्रीवरचा शर्ट

२ मार्च, रवि.
बॉथेलजवळ जुन्या हायवेवर मार्जची लाँड्री. छपरावर निऑनचा शर्ट, लाँड्रीइतकाच जुना. उजव्या बाहीच्या तीन नळ्या पाळीपाळीने पेटतात, शर्ट हात हलवतोय असं वाटतं. वाटायचं. वरची बंद आहे. म्हातारी मार्ज म्हणाली, "नळीच मेली." खाली उभं राहून कान दिला. नळी नाही, ट्रान्सफॉर्मर. त्याची करकर वेगळी. अमेरिकेत येण्याआधी सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो तेव्हापासून पाटीचं दुखणं कळतं.
जुन्या पाट्यांचे फोटो जमवतोय, पण याचा घेतला नाही. अर्धवट हात हलवणाऱ्याचा काय फोटो.

५ मार्च, बुध.
लाँड्रीच्या जागेच्या नव्या मालकाकडून आमच्या पाट्यांच्या कंपनीला काम मिळालं. शर्ट उतरवायचा, एलईडीचा डबा लावायचा. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं. (हे वाक्य याच वहीत किती वेळा.)
लीज संपतंय ते मार्जला माहीत आहे. उतरवणार कोण, ते नाही.

८ मार्च, शनि.
यार्डातला जुना ट्रान्सफॉर्मर नेऊन बसवला. स्वतः शिडीवर. घरी सुलभाला बोललो नाही. सव्वासहाला, आभाळ अजून निळं, तिन्ही नळ्या. मी कॅमेऱ्यात बघत होतो, मागे नाक ओढल्याचं ऐकू आलं. "नवरा गेल्यापासून हा नीट हललाच नव्हता." पैसे घेतले नाहीत. तिने बनाना ब्रेड बांधून दिला. गाडीतच खाल्ला.
आजवरचा सगळ्यात चांगला फोटो.

९ मार्च, रवि.
लायब्ररीतल्या माझ्या फोटोंच्या प्रदर्शनात हा मधोमध, मोठा. बाजूने बावीस. लायब्ररीच्या बाईंनी नाव सुचवलंय: काळाने नेलेल्या पाट्या. घरी वाचून दाखवलं. सुलभा पोळी लाटता लाटता, "काळ म्हणजे तुम्हीच ना?" इरा फोनमधून मान वर न काढता, "बाबा, दीज आर युअर बिफोर फोटोज."
काम सुरू करण्याआधी फोटो काढायचा, कंपनीचा नियम. मीच केलेला. जेवल्यावर मोजले. बावीसपैकी एकोणीस पाट्या आमच्याच क्रेनने उतरवलेल्या.

१३ मार्च, गुरु.
उतरवला. क्रेनवर आमचं नाव, हातभर अक्षरांत. मार्ज दारात आली, आधी नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.
"दुरुस्त केलास तेव्हा माहीत होतं?"
"हो."
"म्हणजे फोटोसाठी."
होसे क्रेन चालवताना उगाच हॉर्न तपासत राहिला.
"शर्ट ने. फोटो लावायचा नाही. मी तुझ्यामागे उभी राहून रडले होते."
रस्त्यावरून काढलेल्या फोटोला परवानगी लागत नाही. हे मी तिला सांगितलं. त्या क्षणी, दारात. काय माणूस आहे मी.

१४ मार्च, शुक्र.
उद्या उद्घाटन. मधली भिंत रिकामी. बाईंचे दोन फोन, "सहापर्यंत आणताय ना?" हो म्हणालो. मार्ज येणार नाही, तिला कळणारही नाही.
लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसून लिहितोय. फ्रेम मागच्या सीटवर, चादरीत. पावणेसहा झालेत. बाई काचेतून हात करतायत.