नारळात कोंडलेली काकी

अण्णा, तुमचा हिरो मला कधीच आवडला नाही. आता सांगून टाकते, कारण दादरचा एक प्रकाशक तुमची ती भुताची कादंबरी नव्यानं छापायची म्हणतोय आणि तुमची मुलगी म्हणून परवानगीची सही माझी हवी आहे. तुम्ही गेलात, आपली लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पण हा हिरो काही मरायला तयार नाही. प्रकाशकाकडचा कोवळा संपादक मला म्हणतो, "मॅडम, काय कॅरेक्टर आहे! धड चांगला नाही, धड वाईट नाही. लढायचं नसतं, तरी लढतो." मी म्हटलं, "अहो, आमच्यात त्याला शेळपट म्हणतात." तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय.

मग पुन्हा वाचली, अख्खी. गिरणीतला कारकून, बाप कोकणातला भगत, भुतं बांधायची विद्या रक्तात, पण ह्याला ती नकोशी. एका विधवेला लग्नाचं वचन देतो, ऐन वेळी शेपूट घालतो, ती जीव देते आणि हडळ होऊन चाळीत परत येते. मग हेच महाराज, लोकांच्या आग्रहाखातर, नाईलाजानं, गणपतीपुढे गाऱ्हाणं घालून तिला नारळात कोंडतात आणि तो नारळ गिरगाव चौपाटीवर समुद्रात फेकतात. वर पानभर रडतात. कसला डोंबलाचा नाईलाज! स्वतःच खड्डा खणायचा, त्यात दुसऱ्याला ढकलायचं आणि काठावर बसून डोळे पुसायचे. ह्याला संपादक गुंतागुंत म्हणतो.

आणि ती हडळ. डाव्या पायानं लंगडणारी, कमरेखालपर्यंत केस, त्यांत माळलेला अबोलीचा वळेसर, आणि पोरांना "गो बाय माझे" अशी हाक मारणारी. अण्णा, तुम्हाला दुसरी बाई सुचली नाही? समोरच्या खोलीतली काकी तुम्ही जशीच्या तशी उचललीत. तीही बिचारी विधवाच. शाळेतून आले की मी तिच्या स्टोव्हपुढे फतकल मारून बसायची, ती तव्यावरचा घावणा थेट माझ्या ताटलीत टाकायची आणि खाता खाता माझी वेणी घालायची. पुस्तक आपल्या गल्लीतल्या लायब्ररीत आलं आणि महिनाभरात चाळीतल्या बायका तिच्याकडून विरजण मागायच्या बंद झाल्या. मलाही त्या तिकडे जाऊ देईनात. विचारलं तर म्हणायच्या, "तुझ्या बापाशीनच लिवलेला हा ना?" तुमच्यावर त्यांचा विश्वास, अण्णा. चाळीच्या गणपतीत दर वर्षी गाऱ्हाणं घालणारा माणूस पुस्तकात खोटं कशाला लिहील?

त्या वर्षीचा गणपती मी विसरले नाही. आरती संपली आहे, तुम्ही गाऱ्हाण्याला उभे आहात, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मागून कुणीतरी म्हणतं, "अण्णानू, पुस्तकातला घाला." दुसरा म्हणतो, "होय होय, तांच घाला." काकी तिथेच, हातात प्रसादाचं ताट. तुम्ही एकदा तिच्याकडे पाहता. मला वाटतं, आता अण्णा ओरडतील, सगळ्यांना फैलावर घेतील. आणि तुम्ही खणखणीत आवाजात सुरू करता, "बा देवा म्हाराजा! ह्या चाळीत जी कोण केस मोकळे सोडून फिरता, पोराबाळांवर नजर ठेवता, तिची वाट बंद कर रे म्हाराजा!" आणि अख्खी चाळ म्हणते, "व्हय म्हाराजा!" काकीनं ताट खाली ठेवलं आणि लंगडत जिना चढून गेली. घरी आल्यावर आई कडाडली, "जीभ झडली होती काय, नाही म्हणायला?" तर तुम्ही म्हणता, "लोकांचा आग्रह. माझा नाईलाज झाला." आपलंच लिहिलेलं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं म्हणून चेहरा कसा फुलला होता, ते मी पाहिलं. दिवाळीच्या आत काकी खोली सोडून नायगावला भावाकडे गेली. तुम्ही गॅलरीतसुद्धा आला नाहीत. करून सवरून नामानिराळे! त्या दिवसापासून तुमच्याविषयी माझ्या मनात जे बसलं, ते तुमच्या चितेपुढेही उतरलं नाही.

सही करायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण ठरवणारी मी कोण, म्हणून गेल्या रविवारी नायगावला गेले. काकी आहे अजून. केस पांढरे, बारीक कापलेले, डोळ्यांना दिसत नाही. पुस्तक तिनं कधी वाचलंच नव्हतं. म्हणाली, "वाच मगे. बघूया तरी, तुझ्या बापाशीन माका काय केल्यान." मी वाचत गेले. हडळ जिन्यावर येते तिथे ती चक्क खुदखुदली. गाऱ्हाण्याला, मग नारळाला, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "काकी, तू सांग, जाळून टाकते." तर म्हणते, "जाळतंस कित्याक? छापूंदेत. लोक माका घाबरांदेत, माझा काय जाता? जन्मात कोण घाबराक नाय माका." मग माझा हात चाचपडून धरला. "पण गो बाय, शेवटाक माका नारळात कोंडल्यान, तां काढ. इतकी वर्सां आत रवलंय. आता सोड माका."

मी तिच्यापुढे रडले नाही. खाली रस्त्यावर येऊन रडले, येणारे-जाणारे बघत होते तरी.

संपादकाला कळवलंय, शेवटचं प्रकरण बदललं तरच सही. तो कुरकुरला, मग कबूल झाला. काल बसून लिहिलं. तुमचा हिरो नारळ घेऊन उभा आहे, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायला टपलेत, आणि ह्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. हडळ त्याच्या अंगावरून, केस मोकळे सोडून, लंगडत चौपाटीच्या गर्दीत निघून जाते. तो रडत नाही. मी रडू दिलं नाही.

लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. अण्णा, आवाज माझा होता, पण वाक्यं सगळी तुमच्यासारखी आली.