पान चारवरची कोरी जागा

सोमवार, ४ तारीख
शाळेच्या मासिक अंकाची जबाबदारी आजपासून माझ्याकडे. संकल्प: मुलांच्या लिखाणातला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही. वर्गात तसं ठणकावून सांगितलं. संपादक दहावीतली मुलगी, सगळे तिला मिरची म्हणतात. तिनं विचारलं, सर, खरंच काहीही लिहायचं? म्हटलं, बिनधास्त लिही, मी आहे ना!

गुरुवार, ७
मिरचीचा लेख आला. मागच्या जिन्याचा दुसऱ्या मजल्यावरचा कठडा हलतोय, मुलांनी वारंवार सांगूनही कोणी दाद देत नाही. सोबत फोटो. वा! खात्री करायला स्वतः गेलो. कठड्यावर हात ठेवला. लगेच काढला. लेख पान एकवर, ठळक मथळा. ठरलं म्हणजे ठरलं.

शुक्रवार, ८
मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पानं सहज बघायला मागवली. चहा दिला. म्हणाल्या, प्रवेशाचे दिवस आहेत. मग फार आपुलकीनं विचारलं, तुम्ही अजून कायम व्हायचे आहात, नाही का? मी मुळीच बधलो नाही. लेख पान चारवर गेला, एवढंच. याला माघार म्हणत नाहीत, डावपेच म्हणतात.

मंगळवार, १२
मथळा जरा सौम्य केला. 'कठडा कधीही कोसळेल'च्या जागी 'आपला जिना, आपली जबाबदारी'. फोटो जागेअभावी वगळले. मिरची म्हणाली, मग माझं नावही वगळा. हट्टी पोरगी. संपादन म्हणजे काय ते तिला समजावलं.

गुरुवार, १४
लेख अंकातून पूर्णच काढला. मुलं म्हणाली, निदान ती जागा कोरी ठेवा, लोकांना कळू दे. माझे डोळे भरून आले. शब्द दिला.
संध्याकाळी: बाईंचा फोन. कोरी जागा बघून पालक नाही नाही ते विचारतील. तिथे माझाच लेख टाकला. विषय: विचारस्वातंत्र्य. अगदी बरोबर मावला.

सोमवार, १८
अंक निघाला. आणि मिरचीनं मूळ लेख जिन्याच्या भिंतीवर चिकटवला! शिपायानं खरवडला, पण तोवर पोरांनी वाचला होता. आता सगळी भिंतीला खेटून, एका रांगेत, न बोलता उतरतात. शिस्त आली म्हणायची.
उद्या मिरचीची चौकशी. तिला सांगितलंय, घाबरू नकोस. बाईंना तोंडावर सांगणार, परवानगी माझी होती. आरशापुढे तालीम केली. बायकोनं दारातून विचारलं, तिथे आरसा असणार आहे का?

मंगळवार, १९
चौकशी. मिरचीचे वडील मान खाली घालून बसलेले. बाईंनी मला विचारलं, हे लिहायला तुम्ही सांगितलंत? मिरचीनं माझ्याकडे पाहिलं. नेमका ठसका लागला. केवढा लागला! पाणी पिऊन होईस्तोवर बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या.
मिरचीला शाळेतून काढलं. दाखल्यावर शेरा: वर्तन असमाधानकारक. जाताना तिनं मला नमस्कार केला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. घरी जेवण गेलं नाही.

सोमवार, २५
नवा संकल्प: पुढच्या अंकात मुलांना पूर्ण मोकळीक. नवी संपादक नववीतली, शांत, समजूतदार. म्हटलं, काय हवं ते विचार. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, सर, कशाकशावर लिहायचं नाही?
साधाच प्रश्न. सांगायला लागलो. तास संपला, तरी माझं सांगून झालं नव्हतं.