कार्यालयीन वेळ, दोन ते चार

लेक्सिंग्टन, केंटकी
२६ ऑगस्ट १९८८

प्रिय हॉलिसदादास,

सा. न. वि. वि. सुखरूप पोहोचले. आज अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला तास झाला आणि माझी घाबरगुंडीच उडाली. ऑल्ड्रिजबाईंनी सिलॅबस म्हणून नऊ पानं हातात ठेवली. कोलंबसापासून यादवी युद्धापर्यंत सगळं एकाच सत्रात! आजोबा लढले ते महायुद्ध कुठेच नाही, ते म्हणे पुढच्या सत्रात. आठवड्याला साठ पानं वाचायची, चार निबंध लिहायचे, तीन दांड्या झाल्या की गुण कापणार.

या कॉलेजात वर्षभर शिकलेला आपल्या घरात तू एकटाच, म्हणून विचारते. शेवटी लिहिलंय, ‘कार्यालयीन वेळ : मंगळवार, दोन ते चार’. हे काय असतं रे? आईला सांग, वेळेवर जेवते आहे.

तुझी, सगळं माफ असलेली धाकटी,
व्हर्ना

---

लॉरेल फोर्क
३ सप्टेंबर

प्रिय व्हर्नास,

अनेक आशीर्वाद. इतकी घाबरट कधीपासून झालीस? शाळेत मास्तरांशी भांडणारी तूच ना?

कार्यालयीन वेळ म्हणजे बाई तेव्हा ऑफिसात आपलं काम करत बसतात. त्या वेळात चुकूनही दार वाजवू नकोस, खेडवळ म्हणून हसतील. मी कधी वाजवलं नाही.

आईने घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून ओसरीभर वाळत घातल्यात. मान वाकवूनच घरात शिरावं लागतं. लाकडाच्या गिरणीत काम जोरात आहे.

वेणी ओढायला आता कुणी नसलेला,
हॉलिस

---

लेक्सिंग्टन
१८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. माझे दोन्ही निबंध नापास झाले. काल तास संपल्यावर बाईंनी थांबवून विचारलं, की दर मंगळवारी दार उघडं ठेवून बसते, तू एकदाही कशी फिरकली नाहीस? मी म्हटलं, ती तुमच्या कामाची वेळ ना? म्हणाल्या, अगं, ती वेळ तुम्हा मुलांसाठीच असते!

आज गेले. निबंधात घटना नुसत्या ओळीने सांगायच्या नाहीत, आपलं म्हणणं मांडायचं, हे पंधरा मिनिटांत समजलं. निबंध पुन्हा लिहायला दिलाय.

पण दादा, तूही कधी दार वाजवलं नव्हतंस. म्हणून सोडलंस का रे कॉलेज?

रागावू नकोस.
तुझी व्हर्ना

---

लॉरेल फोर्क
३१ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गिरणीत उभ्या उभ्या वाचलं. मुकादमाने मारलेल्या हाका ऐकूच आल्या नाहीत.

हो, म्हणूनच. निबंध हातात धरून मी त्या दारांसमोर कितीदा उभा राहिलो! आतला माणूस रिकामा बसलेला दिसायचा. मला वाटायचं, विचार करतोय. मी तसाच मागे फिरायचो.

रविवारी जेवताना घरी सगळं सांगितलं. आईचा चमचा हातातच राहिला. मग तिच्या तोंडून कळलं, इतकी वर्षं ती आणि बाबा समजत होते की मला दारूपायी काढून टाकलं. मी थेंबालाही शिवलो नव्हतो गं! मी परत आल्यापासून बाबांनी घरात बाटली आणली नव्हती. मला वाटायचं, त्यांनी सोडली. मला मोह होऊ नये म्हणून ते लपवत होते.

बाबा उठून कोठारात गेले. मला वाटलं, रडायला गेले. आले ते धूळ बसलेली बाटली घेऊन. टेबलावर दोन ग्लास मांडले आणि आधी माझा भरला.

तुझ्यावर जीव असलेला,
हॉलिस